मुकादमांनी पाठवलेला माणूस

रोह्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुकर कंचा वापरतेस?"

नोकरी कुठं, गाव कुठलं, लग्न झालंय का, कोण येतं-जातं, असल्या प्रश्नांची तयारी करून मी गेले होते. कुकरचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "अजून घेतला नाही."

"मग घेशील तवा मना दाखवून घे," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. समोरच्या घरातल्या बाईने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि काही विशेष नाही असं बघून ती परत आत गेली. मी मात्र दोन पावलं मागं सरकले होते. तेवढ्यात त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "भिऊ नको गो. रागावलं नाय ते. त्यांचा आवाजच तसा हाय."

धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्या धडधडाटात राहून दोन्ही कान निम्मे गेलेले. आपलं बोलणं आपल्याला ऐकू यावं म्हणून ते ओरडत, आणि ते ओरडतात म्हणून सगळी गल्ली त्यांच्याशी ओरडूनच बोले. निवृत्त झाले तरी बॉयलर त्यांच्या अंगातून गेला नव्हता. दाराशी उभं राहून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसे, पण गल्लीतल्या कुणाच्याही घरातली कुकरची शिट्टी मात्र, कशी कोण जाणे, बरोब्बर कळे. शिट्टी दमून वाजतेय, अडकतेय, असं वाटलं की ते जसे असतील तसे, लुंगी-बनियनवर, त्या घरात शिरत. थेट स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करत. कुकर गार झाला की शिट्टी काढून फुंकून बघत, रबर दोन बोटांत ताणून बघत. "बदल यो. नायतर मरशील," एवढं सांगून निघून जात. गल्लीत नव्याने आलेल्या सुना आधी किंचाळत, मग रडत, आणि महिन्याभरात "काका, जरा आमचा बघता का?" म्हणत स्वतःच कुकर घेऊन येत.

"वाफ कोंडायची नाय," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते कुकरपुरतं नव्हतं. पोटदुखी, भावाभावांतली भांडणं, परीक्षेची भीती, सगळ्यावर त्यांच्याकडं तेच औषध. कुणी गप्प बसलेलं त्यांना सहन होत नसे. माझ्या खोलीतला नळ पहिल्याच आठवड्यात गळायला लागला. मी परगावची, एकटी, तक्रार कशी करायची म्हणून खाली बादली लावून गप्प राहिले. एक दिवस ते जिना चढून वर आले, बादलीकडं बघितलं आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"भांड माझ्याशी."

"काका, असू दे, तसा काही त्रास नाही..."

"भांड म्हणतो ना! नळ गळतो, मालक लक्ष देत नाय. बोल! मोठ्यानं बोल!"

शेवटी मी खरोखरच ओरडले. ते खूश झाले, पाना आणायला गेले आणि तासाभरात नळ दुरुस्त झाला.

काकी या सगळ्याच्या बरोबर उलट. पावलांचा आवाज नाही, भांड्यांचा आवाज नाही. काका पडवीतून "पाणी!" म्हणून ओरडत आणि ओरडणं संपायच्या आत काकी तांब्या घेऊन उभ्या असत. काकांनी कधी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला घेतलेला मी पाहिला नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी मीठ म्हणून ओरडायचं, चष्मा स्वतःच्या कपाळावर असला तरी चष्मा म्हणून ओरडायचं. काकी न बोलता येत, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून देत आणि न बोलता परत जात.

त्यांची एकुलती मुलगी वडखळला दिलेली. ती माझ्याच वयाची होती, आली की माझ्या खोलीत येऊन बसायची. तिने एकदा मला सांगितलं ते मी काकांसमोर कधीच काढलं नाही. काकी पेणच्या खाडीकाठच्या, धरमतरच्या अलीकडच्या एका गावातल्या. त्यांचे वडील मिठागराचे मुकादम. काकाही त्याच गावचे, पण त्यांचे वडील त्याच मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायचे. काकाही तरुणपणी त्या मुकादमाच्या हाताखाली पाट्या वाहून, त्यांच्या घरी पाणी भरून मोठे झालेले. कंपनी निघाली, काकांना नोकरी लागली, आणि मुकादमाने मुलगी दिली. पण लग्नाच्या पंगतीत काकींच्या माहेरच्या कुणीतरी म्हटलं, "मुकादमानं पोर दिली ती पाणी भरणाऱ्याला." काका पानावरून उठले. त्यानंतर सासऱ्याच्या दारात त्यांनी पाऊल ठेवलं नाही. काकी माहेरी गेल्या की ते त्यांना वडखळच्या नाक्यापर्यंत सोडत आणि न्यायलाही नाक्यापर्यंतच येत.

"म्हणून बाबा स्वतः पाणी घेत नाय," मुलगी म्हणाली. "आयुष्यात पुन्हा हंडा उचलायचा नाय असं ठरवलंय त्यांनी."

काकींना विसर पडायला लागला तो आमच्या कुणाच्या ध्यानात आला नाही, कारण त्या मुळातच फार बोलत नसत. एका सकाळी मी कामावर जायला निघाले होते आणि खालून मोठा आवाज झाला. धावत गेले तर स्वयंपाकघरात छताला डाळ चिकटलेली, कुकरचं झाकण कोपऱ्यात, आणि काकी ओट्याशी उभ्या. लागलं नव्हतं कुठं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पानी घालाचं राह्यलं काय गो?"

काकांना बसलेला धक्का वेगळाच होता. सगळ्या गल्लीचे कुकर तपासणाऱ्या माणसाच्या घरातला कुकर फुटला. त्यांनी तो पडवीत आणून त्याचा भाग न भाग सुटा केला आणि कित्येक दिवस तो घेऊन बसले. दोष कुकरचाच आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं. नवीन आणला. काकींनी तोही तसाच चढवला. मग त्यांनी गॅसच्या शेगडीला दोष दिला. मग डाळीला. काकी मला माझ्या नावाने हाक मारेनाशा झाल्या, तेव्हा ते म्हणाले, "तुझं नावच कठीण हाय." एकदा काकी पायात चपला न घालता एसटी स्टँडवर सापडल्या. पेणच्या गाडीची वाट बघत होत्या. त्या दिवशी काकांना दोष द्यायला काही उरलं नाही.

पेणला डॉक्टरांना दाखवायला मी बरोबर गेले होते. डॉक्टर भले होते, मोठ्याने समजावून सांगत होते. काकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "खोलून दुरुस्त नाय व्हनार?"

"नाही."

"निदान हाय तिथं थांबल?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तुम्ही त्यांच्याशी शांतपणे बोलत जा. आवाज चढवू नका. त्यांना भीती वाटेल असं काही करू नका."

काका केबिनमधून बाहेर येताच माझ्यावर ओरडले, "मी कवा आवाज चढवतो?" बाहेर बसलेले सगळे पेशंट आमच्याकडं बघायला लागले.

मग तो रविवार आला. दुपारचं जेवण झालं होतं. खालून काकांचा आवाज येत होता, पण तो नेहमीचा नव्हता. मी खाली गेले तर स्वयंपाकघराचं दार आतून बंद आणि काका ते दोन्ही हातांनी बडवत होते.

"अगो, उघड! मी हाय! मी!"

मी मागच्या बाजूने खिडकीशी गेले. काकी ओट्याखाली अंग चोरून बसल्या होत्या. मला बघून गुडघ्यांवर सरकत खिडकीपाशी आल्या आणि गज धरून कुजबुजल्या, "बाय गो, कुनाला तरी हाक मार. घरात कोन बाप्या शिरलाय. माझं नाव घेतोय."

"काकी, ते काका आहेत."

"कोन काका? मी वळखत नाय. बाबांना बोलव. बाबांना सांग बांधावरून घरी या."

पुढच्या दारावर काका ओरडतच होते. प्रत्येक हाकेबरोबर काकींचं अंग दचकत होतं. मी पळत पुढं आले. "काका, थांबा, ओरडू नका!" पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी झटकला. शेवटी मी माझा तळहात त्यांच्या तोंडावर दाबून धरला.

ते थांबले. माझ्या हाताखाली त्यांची दाढीची खुंटं आणि धापा टाकणारं तोंड मला अजून जाणवतं. मी हात काढला. दार दाखवलं, मग बोट त्यांच्याकडं केलं आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "त्या तुम्हाला भितायत."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी कुठल्या तरी परक्या भाषेत बोलले. मग ते पायरीवर जाऊन बसले. काकींना दार उघडायला लावायला मला बराच वेळ लागला. उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "गेला काय तो?" मी म्हटलं, गेला. काका पायरीवर पाठ करून बसले होते आणि त्यांना हे ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. पण ते वळले नाहीत.

त्या दिवसापासून काकांचं अंथरूण पडवीत आलं.

मुलगी वडखळहून आली, रडली. एखाद्या संस्थेत ठेवू या का, असं तिने हळूच विचारलं. काका म्हणाले, "तिथं समदेच परके असतील. हितं मी एकटाच परका हाय."

मग एका संध्याकाळी त्यांनी मला पडवीत बोलावून समोर बसवलं. "मना बारीक बोलाय शिकव."

"म्हणजे?"

"मना माझा आवाज ऐकाय येत नाय. किती मोठा निघतोय तो समजत नाय. तू ऐक आनि सांग. मोठा झाला की हात खाली कर."

आम्ही रोज संध्याकाळी ते करायला लागलो. ते एखादं वाक्य बोलायचे, "जेवन झालं काय?" नाहीतर "आज उकडतंय." मी हात खाली करायची. ते पुन्हा म्हणायचे. मी आणखी खाली करायची. स्वतःला ऐकू येत नसलेलं वाक्य बोलायचं, म्हणजे त्यांच्यासाठी नुसते ओठ हलवायचे. "काय बोललो काय नाय, समजतच नाय," असं ते वैतागून म्हणत, आणि तेही मोठ्याने, मग पुन्हा माझा हात खाली. गल्लीतल्या बायका येता-जाता बघत. हसलं कुणी नाही. हळूहळू जमायला लागलं. घशातून खरखर येई, मधेच एखादा शब्द फुटून मोठा होई, पण जमलं.

आवाज जमला तरी काकींसमोर जायचं कोण म्हणून, हा प्रश्न होताच. तो काकींनीच सोडवला. एका सकाळी पाणी आलं होतं, मी भरू लागले होते, आणि काका न राहवून हंडा उचलून आत आले. काकी पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं.

"बाबांनी पाठवला काय रे तुला?" काकी म्हणाल्या.

काका हंडा हातात घेऊन तसेच उभे. मुलीने सांगितलेलं सगळं मला आठवलं आणि मी जमिनीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ते हंडा आदळून बाहेर जातील.

"व्हय बाय," ते त्या नव्या, खरखरत्या, बारीक आवाजात म्हणाले. "मुकादमांनी पाठवलंय."

"मग तिथं ठेव. नि सांडू नको."

त्या दिवसापासून काका मिठागरावरचे गडी झाले. सकाळी ते दाराशी उभे राहून विचारत, "येऊ काय बाय?" आणि काकी हो म्हणाल्यावरच आत येत. पाणी भरत, केर काढत, भात लावत. काकी पाटावरून हुकूम सोडत. आयुष्यात मी पहिल्यांदा त्यांचा आवाज एवढा ऐकत होते. हंडा नीट घास. लाकडं ओली आणलीस काय? घरात लाकडं नव्हतीच, पण काका म्हणत, "उद्या सुकी आणतो." आंघोळ घालणं, कपडे बदलणं मी आणि कामाला ठेवलेली एक बाई करायचो. केस मात्र काका विंचरत. सुरुवातीला काकी विंचरू देईनात, मग एक दिवस म्हणाल्या, "तुझा हात हलका हाय रे. पोरीबाळी हायत काय घरी?"

"एक हाय. वडखळला दिली."

"नि बायको?"

काकांचा हात थांबला. "हाय. घरी हाय. बरं नाय तिला."

"काय झालंय?"

"इसरते."

काकी वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळवळ होती. "मग तू हितं काय करतोस? तिच्याजवळ कोन हाय? जा, घरी जा. बाबांना मी सांगेन." आणि काका उठेनात तेव्हा त्या रागावल्या. "जा म्हणते ना! आजारी बायकोला टाकून फिरतोस, लाज नाय वाटत?"

काका उठले. फाटकातून बाहेर पडले. कुंडलिका नदीच्या घाटाकडं जाऊन बसले आणि काकी विसरल्या असतील एवढा वेळ काढून परत आले. हे मग कितीदा तरी झालं. दुपार झाली की काकींना त्या आजारी बायकोची आठवण होई आणि त्या काकांना घालवून देत. मी सुट्टीच्या दिवशी वरून बघायची. ते उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून नदीकडं चाललेले असत. एकदा मी विचारलं, "काका, फाटकाबाहेर थांबलात तर चालेल की. एवढ्या लांब कशाला?"

"फाटकातून बघते ती. खरंच गेला काय म्हनून," ते म्हणाले. "काळजी करते माझ्या बायकोची."

पेणला जायचा हट्ट काकींनी सोडला नव्हता. जेवताना, झोपताना, एकच. मना घरी जायाचं हाय. डॉक्टर म्हणाले होते, विषय बदला. काकांनी बदलून बघितला. मग एक दिवस मला म्हणाले, "रविवारी मोकळी हायस काय? घेऊन जातो तिला."

"काका, तुम्ही तिथं..."

"गडी हाय मी. गड्याला काय?"

आम्ही एसटीने वडखळला उतरलो, तिथून मिनीडोर रिक्षा केली. काकी रस्ताभर खिडकीतून बघत होत्या, पण ओळखीचं काही दिसल्यासारखं त्यांच्या डोळ्यांत येत नव्हतं. मिठागरं राहिली नव्हती. मागे कधीतरी उधाणात बांध फुटला, तो कुणी बांधला नाही, आणि मीठ पिकायच्या वाफ्यांवर खाडीचं पाणी येऊन तिवरं माजली. मुकादमांच्या घराच्या जागी स्लॅबचं घर होतं. दारात काकींची भावजय बसली होती. म्हातारी, पण ताठ. तिने काकींना जवळ घेतलं, मुका घेतला, आणि मग त्यांच्यामागं पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या काकांकडं बघितलं.

"आलात काय भावजी? यवढ्या वर्षांनी वाट गवसली?"

काकांनी पिशव्या ओटीवर नेऊन ठेवल्या. काकी अंगणात उभ्या राहून इकडंतिकडं बघत होत्या. मग त्यांनी काकांना सांगितलं, "अरे, पानी भरलंस काय? बाबा येतील आता." आणि काकांनी, त्या अंगणात, सगळ्यांदेखत, नळाखालची कळशी उचलली.

भावजयीला आधी समजलं नाही. मग ती हसली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "बघा गो! शेवटी मुकादमाच्या दारात पानीच भरलंत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काका कळशी घेऊन ओटीपर्यंत गेले, नीट ठेवली. भावजय काकींचा हात धरून म्हणाली, "अगो, नवऱ्याला काय कामं सांगतेस? यो तुझा नवरा हाय!"

काकी लाजल्या. एखाद्या मुलीसारख्या. "काय बोलतेस गो वैनी. माझं लगीन कवा झालं? यो आमच्या मिठागरावरचा गडी. चांगला हाय. बाबांनी पाठवलाय."

भावजयीने काकांकडं बघितलं. तिचं हसणं तिथंच राहिलं होतं, काय करावं हे न सुचून. काका तिच्याजवळ गेले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "व्हय वैनी. गडीच हाय. तिला तसंच असू दे."

म्हातारी उठली. आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे पुसलेले होते. तिने खुर्ची आणून काकांसाठी ठेवली, पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने आणून दिला. काका खुर्चीवर बसले नाहीत. काकींच्या समोर गड्याने खुर्चीवर कसं बसायचं? ते पायरीवर बसूनच पाणी प्याले.

एवढं करून झालं काय? दिवस कलायला लागला तशा काकी अस्वस्थ झाल्या. ज्या घरासाठी इतके महिने त्या झुरत होत्या त्या घराच्या ओटीवर बसून त्या रडायला लागल्या, "मना घरी जायाचं हाय. यो कुनाचा घर हाय? मना घरी न्या." भावजय म्हणाली, अगो हेच तुझं घर. काका नुसते उठले आणि पिशव्या उचलल्या. परतीच्या मिनीडोरमध्ये काकी दमून झोपल्या आणि झोपेत त्यांचं डोकं काकांच्या खांद्यावर कललं. काकांनी अंग आवळून धरलं. हायवेचं काम चाललेलं, खड्डे, धूळ, पुढच्या ट्रकचे हॉर्न. त्यांनी मला बोटाने खुणावलं आणि म्हणाले, "जाग येईल असं काय करू नको." त्यांना वाटलं बारीक बोललो. पण त्या दिवशीची सगळी ताकद संपली होती बहुतेक. तो त्यांचा जुना आवाज होता. ड्रायव्हरने मागं वळून बघितलं. काकींना जाग आली नाही.

त्यानंतर काकी भराभर उतरल्या. आधी हुकूम गेले, मग शब्द गेले, मग चालणं. आणि एका सकाळी मी खाली गेले तर काका आतल्या खोलीत, काकींच्या कॉटला टेकून जमिनीवर बसलेले, आणि काकींचा हात त्यांच्या हातात. मी दचकले. त्यांनी मान हलवली.

"आता भित नाय ती," ते म्हणाले. "हाकलत नाय. कोन हाय ते इचारत नाय." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता का? मला वाटतं होता. परका माणूस म्हणजे काय हेच काकी विसरल्या होत्या, आणि काकांच्या वाट्याला त्या पुन्हा एवढ्याच आल्या. त्यांनी पडवीतलं अंथरूण आत नेलं. पेज भरवणं, कूस बदलणं, सगळं ते स्वतः करायला लागले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तेल लावताना ते काकींशी बोलत राहत. कसलंही. धाटावला पहिल्यांदा बॉयलर पेटवला तेव्हाचं, मुलीच्या बारशाचं. वरच्या खोलीत मला एक शब्दही ऐकू येत नसे, एवढ्या बारीक आवाजात.

पावसाळा संपता संपता काकी गेल्या. दुपारची वेळ होती, मी कंपनीत होते. मी पोचेपर्यंत हिरवं लुगडं नेसवून झालं होतं, बांगड्या भरल्या होत्या. जमलेल्या बायका म्हणत होत्या, भाग्यवान, सवाष्ण गेली. नवऱ्याच्या हातचं कुंकू घेऊन गेली. काकांना कुंकू लावायला पुढं आणलं. त्यांनी लावलं. बोट कपाळावर टेकवून ते तसंच ठेवून उभे राहिले, शेवटी मुलीने त्यांचा हात बाजूला घेतला. ते रडले नाहीत, ओरडलेही नाहीत. गल्लीतली माणसं मला सारखी विचारत होती, काका काही बोलले का?

मुलगी त्यांना वडखळला घेऊन गेली. घर भाड्याने दिलं, मीही नोकरी बदलून पनवेलला आले. वर्षभराने अलिबागला एका लग्नाला चालले होते, तेव्हा वडखळला उतरून त्यांना भेटायला गेले. घराच्या मागच्या बाजूला, हायवेचा आवाज जिथं कमी येतो तिथं, ते खुर्ची टाकून बसले होते. फार वाळले होते. मला ओळखलं, कुकर कसा आहे विचारलं. मग आम्ही काकींविषयी थोडं बोललो. त्यांच्या बोलण्यासाठी मला पुढं वाकावं लागत होतं.

"एक सांगू?" ते म्हणाले. "ती त्या गड्याशी हसून बोलायची. पोरीबाळी हायत काय, बायको कशी हाय, जेवलास काय. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, काका."

"माझ्याशी नाय बोलली कधी तशी. इतकी वर्षं नांदली. पानी दिलं, जेवन दिलं, गप राह्यली." ते समोरच्या कुंपणाकडं बघत होते. "मी कंपनीच्या भोंग्यासारखा बोंबलायचो. तिला काय वाटायचं ते मना कधी समजलंच नाय. ती मना कधीपासनं भित होती गो? आजारात, का आधीपासनं?"

पदराला हात पुसत येणाऱ्या काकी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, पण त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, तो गडी तुम्हीच होतात."

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. आतून मुलीने चहाला हाक मारली. त्यांना ती ऐकू गेली नाही. मी उठले, त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन हळूहळू उभे राहिले.